परतीला वरची बर्थ

रायपूरचं जायचं तिकीट मोबाइलवर काढून मी मोठ्या रुबाबात त्याच्यासमोर धरलं, तेव्हा त्याने त्यावर नजरही टाकली नाही. "परतीचं दाखव," म्हणाला. परतीचं अजून काढलेलं नाही, असं मी सांगितलं. त्यावर त्याने कानावरची पेन्सिल काढली, तिचं टोक बघितलं, परत कानावर ठेवली आणि विचारलं, "मग तू निघालायस कुठे?"

ही आमची पहिली भेट. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. डोंबिवलीत मानपाडा रोडला एका पिठाच्या गिरणीच्या वर मंडळाची अभ्यासिका आहे, तिथे सरकारी भरतीच्या परीक्षांचा अभ्यास करायला जायचो. गिरणी चालू झाली की टेबलं थरथरायची आणि संध्याकाळपर्यंत पुस्तकांवर पिठाचा पातळ थर बसायचा. तो तिथला सगळ्यांत जुना. मी पहिल्यांदा पायरी चढलो त्याच्याआधी नऊ वर्षं तो त्याच खिडकीजवळच्या खुर्चीत बसत होता. त्याचं नाव सांगत नाही. तोंडावर आम्ही त्याला दादा म्हणायचो आणि पाठीमागे टीसी, कारण अभ्यासिकेतलं कुणीही परगावी परीक्षेला निघालं की तिकीट तपासल्याशिवाय तो सोडायचा नाही.

या परीक्षांचं एक असतं. फॉर्म भरताना आपण ठाणं, मुंबई, पुणं अशी केंद्रं टाकतो आणि नशिबात येतं रायपूर नाहीतर भोपाळ. आमच्यातल्या बहुतेकांचा लांबचा प्रवास म्हणजे मे महिन्यात गावी जाणं. वीस-बावीस तासांच्या गाडीत कसं बसायचं, काय खायचं, त्या अनोळखी शहरात पहाटे उतरून कुठे जायचं, हे घरात कुणालाच माहीत नसायचं. त्याला माहीत होतं. पंधरा-सोळा शहरांत तो परीक्षा देऊन आला होता. कुठल्याही शहराचं नाव काढा, तो तिथलं स्टेशन सांगायचा. शहर मात्र त्याने एकही बघितलेलं नव्हतं.

माझं तिकीट त्याने अखेर बघितलं. चाळीसचं वेटिंग होतं. "हे तिकीट नाही," तो म्हणाला, "ही आशा आहे. रद्द कर." मग त्याने वहीचं मागचं पान फाडून माझा सगळा प्रवास त्यावर मांडला. जाताना जनरलने जायचं. कल्याणला चढायला मिळत नाही म्हणून उलटं मुंबईला जाऊन, गाडी फलाटाला लागण्याच्या दोन तास आधी रांगेत उभं राहायचं. डब्यात पहिल्या दिवशी पोळी-भाजी, दुसऱ्या दिवशी दशम्या, त्या दुधात भिजवलेल्या असतात म्हणून टिकतात. बॅग एकच, तीही उशाला मावेल एवढी, आणि चपला बॅगेत. मी म्हटलं, "दादा, जनरलने एकोणीस तास?" तो म्हणाला, "एकोणीस तासांत कुणी मेलेलं नाही." परतीचं मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याबरोबर स्टेशनातल्या रिझर्व्हेशनच्या खिडकीवर येऊन त्याने स्वतः काढून दिलं. स्लीपर, कन्फर्म, वरची बर्थ.

परतीचं आधी, हे त्याचं पहिलं सूत्र. त्याला दोन कारणं होती. एक तो सगळ्यांना सांगायचा. परतीचं रिझर्व्हेशन खिशात असलं की स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये बसायला कुणी हटकत नाही, लॉजचा खर्च वाचतो. अंघोळ, झोप, शेवटची उजळणी, सगळं तिथेच. दुसरं कारण तो सगळ्यांना सांगत नसे. मला त्या सकाळी रांगेत उभं असताना सांगितलं.

"जाताना माणूस कसाही जातो रे. उभा जातो, दारात बसून जातो. डोक्यात पेपर असतो, कळत नाही. येताना डोक्यात काही नसतं. तेव्हा वरची बर्थ लागते. भिंतीकडे तोंड करून पडायचं. कोणाला तोंड दाखवायला लागत नाही."

मी मनात म्हटलं, हा माणूस मला पेपर द्यायच्या आधीच नापास करतोय. रायपूरला पेपर गेला तो असा की शेवटचे अठरा प्रश्न मी वाचलेसुद्धा नाहीत. परतीच्या गाडीत वर चढलो, भिंतीकडे तोंड केलं आणि गोंदियापर्यंत रडलो. मग झोपलो. खालची मंडळी पत्ते खेळत होती, जेवत होती, त्यांना वर कुणी आहे याचाही पत्ता नव्हता. त्या दिवसापासून मी त्याला मानायला लागलो.

परत आल्यावर घरी, कॉलेजात, नाक्यावर, जो तो एकच विचारत होता, पेपर कसा गेला. अभ्यासिकेत शिरलो तर त्याने मान वर करून विचारलं, "झोप लागली का?" लागली म्हटल्यावर परत पुस्तकात डोकं घातलं. परीक्षेहून आलेल्या प्रत्येकाला तो एवढंच विचारायचा. पेपरबद्दल त्याने कधी, कुणालाही, एक शब्द विचारल्याचं मला आठवत नाही.

तसा तो विक्षिप्तच. शर्ट दोनच, दोन्ही चौकडीचे. चहा कटिंग घ्यायचा आणि त्यातलाही अर्धा ठेवायचा, दहा मिनिटांनी गार झाल्यावर प्यायचा. पेन्सिलीला टोक करायला खिशात ब्लेडचा तुकडा. गाडीत कुणाला परीक्षेला निघालोय म्हणून सांगायचं नाही, मामाकडे लग्नाला चाललोय म्हणायचं, हा त्याचा आणखी एक नियम. एकदा त्याने भोपाळला जाताना समोरच्या बाईंना खरं सांगितलं होतं. त्यांनी प्रेमाने लाडू दिला, डोक्यावरून हात फिरवला. तीन दिवसांनी परतीच्या गाडीत त्याच बाई त्याच डब्यात. "लाडू परत मागितला नाही एवढंच," तो म्हणायचा. आम्ही हसायचो. तोही हसायचा, पण त्यानंतर तो सगळीकडे लग्नालाच गेला.

तो राहायचा दिव्याला, डोंबिवलीपासून दोन स्टेशनांवर. दोन खोल्यांत आई, मोठा भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं. मूळचे जुन्नरकडचे. भाऊ टेम्पो चालवायचा आणि याच्या शिक्षणाचं, फॉर्मचं, प्रवासाचं सगळं बघायचा. सकाळी पाण्याचा टँकर आला की कॅन भरून चार मजले चढवायचे, मगच अभ्यासिकेत यायचं, त्यामुळे त्याची यायची वेळ टँकरच्या हातात असायची. आई चाळीतल्या बायकांना गेली नऊ वर्षं सांगत होती की यंदा होईल. दोनदा तो अगदी काठावर येऊन परतला होता. त्याला एकदाच, फक्त एकदा यादीत नाव हवं होतं. वयाची अट तेहतीस होती. मी गेलो तेव्हा तो एकतीस पूर्ण झालेला होता, म्हणजे हातात दोन वर्षं.

आता त्या टिंबांबद्दल सांगायला हवं. तिकीट तपासताना तो ते उलटं करून मागच्या कोऱ्या भागावर, कोपऱ्यात, पेन्सिलीने तीन टिंबं द्यायचा. पहिलं तारखेचं, दुसरं नावाचं, तिसरं कुठून चढणार त्या स्टेशनचं. एकेक गोष्ट बघायची, एकेक टिंब द्यायचं. चूक सापडली तर टिंब नाही, तिथे गोल काढून तिकीट परत. मोबाइलवर तिकीट काढलेल्यांना तो प्रिंट काढायला लावायचा. "मोबाइल बंद पडतो, कागद बंद पडत नाही," म्हणायचा. त्या तीन टिंबांची आम्ही खूप टिंगल केली, पण ती घेतल्याशिवाय कुणी गाडीत बसायचं नाही.

मानपाड्याला राहणारी एक मुलगी भोपाळला निघाली होती. तिने कल्याणहून तिकीट काढलं होतं, नऊ तारखेचं. तो म्हणाला, "गाडी कल्याणला किती वाजता?" बारा चाळीस, रात्री. "घरून कधी निघणार?" नऊच्या रात्री, जेवून. त्याने पेन्सिलीने तारखेवर गोल काढला आणि उठून फळ्यापाशी गेला. गाडी मुंबईहून नऊ तारखेला रात्री पावणेबाराला सुटते. कल्याणला येईपर्यंत बारा वाजून जातात आणि तारीख दहा होते. कल्याणहून काढलेल्या तिकिटावर नऊ लिहिलं असेल तर ती गाडी मुंबईहून आठ तारखेच्या रात्री निघालेली. तू नऊच्या रात्री जाशील तेव्हा तुझी गाडी भोपाळ सोडून पुढे गेलेली असेल. "मुंबईचा आज तो आपला उद्या," त्याने फळ्यावर लिहिलं. ते वाक्य कितीतरी महिने कुणी पुसलं नाही.

पण याच्यातही एक पेच होता, आणि तो त्यानेच आम्हाला शिकवलेला. कल्याणहून जागा कमी असतात, म्हणून तिकीट मुंबईपासून काढायचं आणि चढायचं स्टेशन म्हणून कल्याण टाकायचं. तसं केलं की तारीख मुंबईची लागते, म्हणजे नऊची नऊच. आम्ही सगळे नेहमी तसंच करायचो. त्यामुळे फॉर्मवर घरून निघायची तारीख लिहायची हाताला सवय झाली होती.

त्याच्या तेहतिसाव्या वर्षी, अगदी शेवटच्या संधीला, तो पहिल्या टप्प्यात पास झाला. दुसऱ्या टप्प्याला पाटणा केंद्र आलं, सतरा तारीख. आईने दिव्याच्या चाळीत साखर वाटली. अभ्यासिकेत आम्ही त्याच्या टेबलावर एक हार ठेवला, तो त्याने बाजूला सरकवला आणि दिवसभर त्याच्याशेजारी वही ठेवून अभ्यास केला. त्यानंतरच्या आठवड्यात एकदा मला बाहेर बोलावून म्हणाला, "माझं तिकीट या वेळी तू काढ."

मला पगारवाढ झाल्यासारखं वाटलं. ज्याने सगळ्यांची तिकिटं काढली त्याचं तिकीट मी काढणार. मी विचारलं, "परतीचं कधीचं काढू? वरची बर्थ मिळेल आत्ता."

"परतीचं नको," तो म्हणाला. "फक्त जायचं काढ. परतीचं मी बघतो."

मी खुळ्यासारखा हसलो. मला वाटलं, याला या वेळी खात्री आहे. भिंतीकडे तोंड करून पडायची वेळ येणार नाही म्हणून याला वरची बर्थ नकोय. मी हे इतरांनाही सांगितलं आणि सगळे खूश झाले.

खिडकी उघडायच्या आधी जाऊन रांगेत उभा राहिलो. फॉर्मवर मुंबई ते पाटणा, चढायचं कल्याण, तारीख चौदा. पाटण्याची गाडीही मुंबईहून रात्री सुटून कल्याणला बारानंतरच यायची. खिडकीतला माणूस म्हणाला मुंबईपासून वेटिंग लागलंय, कल्याणपासून कन्फर्म आहे, देऊ का. मागे माणसं खोळंबली होती. मी म्हटलं द्या. त्याने फॉर्मवर खाडाखोड करून कल्याण केलं आणि तिकीट दिलं. तारखेकडे माझं लक्षसुद्धा गेलं नाही. कन्फर्म हा एकच शब्द मी बघत होतो. मी चुकलो, यात वाद नाही. कल्याण केलं तेव्हा चौदाची पंधरा करायला हवी होती, आणि हे मला फळ्यावर लिहून शिकवलेलं होतं.

तिकीट त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "दादा, टिंबं." त्याने ते न उलगडता फोल्डरमध्ये ठेवलं. "तू काढलंयस ना? मग टिंबं कशाला," म्हणाला. इतकं मोठं प्रमाणपत्र मला त्याआधी कुणी दिलं नव्हतं.

चौदा तारखेला दुपारी चारच्या सुमाराला तो बॅग घेऊनच अभ्यासिकेत आला. आम्ही वडापाव आणले होते. ती मानपाड्याची मुलगी म्हणाली, "आज टीसीचं तिकीट आपण तपासायचं." त्याच्या तोंडावर टीसी म्हणायची ती पहिलीच वेळ, सगळे हसले. तो म्हणाला, "राहू दे गं, गिरणीचं पीठ लागेल त्याला." तिने ऐकलं नाही, फोल्डर ओढलं, तिकीट बाहेर काढलं आणि मोठ्याने वाचायला लागली. नाव बरोबर. स्टेशन कल्याण. मग ती थांबली.

"दादा, हे कल्याणपासूनचं आहे."

"हो."

"आणि तारीख चौदा आहे. म्हणजे ही गाडी काल रात्री गेली."

खाली गिरणी चालू होती, टेबलं हलत होती. सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्याने तिकीट हातात घेतलं, बघितलं आणि तारखेची बाजू वर करून माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. "हो रे," तो म्हणाला. "गेली."

मी काय काय बोललो ते आता आठवतं तशी लाज वाटते. तत्काळची वेळ कालच उलटून गेली होती, हे मला ठाऊक होतं तरी मी मोबाइल काढून बघत बसलो. मग म्हटलं, दादा, जनरलने जाऊ. आत्ता निघू, मुंबईला रांगेत उभे राहू, मी येतो तुझ्याबरोबर, मी उभा राहतो, तू बस. परवा पहाटे पोचतोस, पेपर सतराला आहे, पूर्ण एक दिवस हातात आहे. मी त्याचा दंड धरून ओढत होतो.

"सव्वीस तास उभं राहून पेपर देता येत नाही रे," तो म्हणाला.

त्याने बॅग उघडली, आईने पहाटे उठून केलेल्या दशम्यांचा डबा काढला आणि टेबलावर ठेवला. "खाऊन टाका. आज मऊ आहेत." कुणी हात लावला नाही. शेवटी त्यानेच एक उचलून मला दिली आणि मी ती रडत रडत खाल्ली. तिकीट मी पाकिटात घातलं, पुढच्या बाजूच्या पारदर्शक कप्प्यात, तारीख दिसेल असं. आपण काय केलं ते रोज दिसलं पाहिजे, असं मला वाटत होतं.

दोन दिवसांनी त्याचा भाऊ अभ्यासिकेत आला. टेम्पो खाली रस्त्यात लावून आला होता. सगळ्यांदेखत मला म्हणाला, "तुला दुसऱ्याचं तिकीट काढायला कोणी सांगितलेलं? अकरा वर्षं पोसलाय मी ह्याला. अकरा वर्षं." मी खाली मान घालून उभा होतो. आमचा दादा खिडकीशी बसला होता. "जाऊ दे ना दादा, लहान आहे तो," एवढंच भावाला म्हणाला. मला वाटलं, केवढं मोठं मन.

मी माफी मागायला दिव्याला गेलो. त्याच्या आईने चहा दिला, तो शेजारीच बसला होता. निघताना आई दारात म्हणाली, "तुझं तरी होऊ दे." शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आणि माझं झालं. पुढच्याच वर्षी यादीत नाव आलं, ठाण्यात एका सरकारी कार्यालयात लागलो. पेढे घेऊन अभ्यासिकेत गेलो तर त्याच्या खुर्चीत दुसराच मुलगा बसलेला. दादा महिनाभरापूर्वी यायचा बंद झाला होता. फळ्यावरचं वाक्यही कुणीतरी पुसलं होतं. पेढ्याचा खोका मी टेबलावर ठेवून खाली उतरलो.

त्या तिकिटाला आता पाच वर्षं झाली. मी ठाण्यातच बाळकुमला एका कॉम्प्लेक्समध्ये भाड्याने राहतो, लग्न ठरायचंय. स्थळं बघताना मुलीकडचे विचारतात, पहिल्याच फटक्यात पास झालात का, आणि मला दादाचं ते शेवटचं वर्ष आठवतं. मधल्या काळात मी स्वतः लांबचा प्रवास टाळत आलो. तिकीट काढायला बसलो की तारखेच्या रकान्याशी बोट अडतं. ऑफिसात सहलीची तिकिटं काढायची वेळ आली की मी काहीतरी कारण सांगून सटकतो. लोकांना वाटतं चिकट आहे.

परवा पाकिटाची शिवण उसवली म्हणून नवीन घेतलं. जुन्यातून एकेक वस्तू काढताना ते तिकीट निघालं. पाच वर्षं कप्प्यात तारीख पुढे करून बसलेलं. पुढची छपाई पार फिकट झाली होती, चौदा हा आकडासुद्धा माहीत असलेल्यालाच वाचता येईल असा. मी ते सहज उलटं केलं.

मागे कोपऱ्यात पेन्सिलीची तीन टिंबं होती. पेन्सिल फिकट होत नाही. दुसरं आणि तिसरं नेहमीसारखं हलकं. पहिलं, तारखेचं, इतकं दाबून दिलेलं की कागद पलीकडे उचलला होता.

मी पलंगावर बसलो. आधी म्हटलं, माणूस आहे, त्याच्याही नजरेतून सुटलं असेल. पण ज्याने त्या मुलीला फळ्यावर आठ, नऊ, दहा लिहून दाखवलं त्याच्या नजरेतून कल्याण आणि चौदा सुटणं शक्य नव्हतं. त्याने घरी नेऊन तिकीट उलगडलं, तारीख बघितली, चूक बघितली, आणि गोल काढायच्या जागी टिंब दिलं. दोन महिने हातात होते. मला एक हाक मारली असती तर मी पळत जाऊन बदलून आणलं असतं. मग त्याने परतीचं नको म्हटल्याचं मला आठवलं. जनरलने जायला नाही म्हटल्याचं आठवलं, एकोणीस तासांत कुणी मेलेलं नाही म्हणणाऱ्याने. जायचंच नव्हतं त्याला. शेवटचा पेपर देऊन नापास होण्यापेक्षा त्याला तो न देता राहायचं होतं, आणि त्यासाठी कुणाची तरी चूक लागत होती. माझी मिळाली.

मला फार राग आला. एवढा राग मला त्याआधी कुणाचाही आला नव्हता. भावाने मला सगळ्यांसमोर फाडलं तेव्हा तो खिडकीशी बसून होता. त्याच्या आईने दिलेला चहा मी पिताना तो शेजारी होता. पाच वर्षं मी जे वागवलं ते त्याचं होतं. तिकीट शर्टाच्या खिशात घातलं आणि रविवारी दिव्याला गेलो. वाटेत तीन वाक्यं पाठ केली होती. पहिलं वाक्य, दादा, हे टिंब कुणी दिलं.

त्याने त्याच चाळीखाली गाळा घेतलाय. झेरॉक्स, रिचार्ज, ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील. अंगाने भरलाय, कानाच्या वर केस पांढरे, पेन्सिल तिथेच. कॉम्प्युटरसमोर दोन मुली कुठल्याशा भरतीचा फॉर्म भरायला उभ्या होत्या आणि तो त्यांना विचारत होता, केंद्र लांब आलं तर परतीचं काय. मला बघून त्याचा चेहरा उजळला.

"अरे, ये ये." मग मुलींकडे वळून म्हणाला, "हा कोण माहितीये? मी सांगत नाही का तुम्हाला, माझी तारीख चुकलेली? ती चुकवणारा हाच. नाहीतर आज मी तुमचे फॉर्म भरत बसलो असतो का?"

मुलींनी माझ्याकडे बघितलं. तो हसत होता, अगदी सवयीने. हे वाक्य त्याने किती जणांना सांगितलं असेल याची मला कल्पना आली. माझा हात खिशाकडे गेला.

गाळ्याच्या आत पाटावर त्याची आई लसूण सोलत बसली होती. मी तिला बघितलं नव्हतं. तिने डोळे बारीक करून मला ओळखलं.

"बस रे बाळा," म्हणाली. "तुझ्यावर राग नाही हो माझा. होता, आता नाही. तुझ्या हातून चुकलं, ते काय तू मुद्दाम केलं? एवढंच वाटतं, त्या दिवशी बसला असता ना पेपरला, तर झालाच असता पास. सगळ्या चाळीला माहितीये. झालाच असता."

त्याचं हसणं थांबलं होतं. तो कॉम्प्युटरकडे बघत होता, पण पडद्यावर काही हलत नव्हतं. त्या एका वाक्यावर ती बाई पाच वर्षं जगत होती, आणि माझ्या चुकीशिवाय ते वाक्य तिला मिळालं नसतं. मी खिशावरचा हात काढला.

"हो काकी," मी म्हटलं. "माझंच चुकलं."

चहा झाला. तो मला पायरीपर्यंत सोडायला आला. मुलींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "ते तिकीट आहे का रे अजून तुझ्याकडे?"

"नाही दादा. कधीच हरवलं."

त्याने कानावरची पेन्सिल काढली, टोक बघितलं, परत ठेवली. मी रस्त्याकडे वळलो. टँकर आला होता, बायका कॅन घेऊन धावत होत्या.

"झोप लागते ना तुला?" त्याने विचारलं.

"लागते," मी म्हटलं.

तो आत गेला. दिव्याहून ठाण्याला पाव तास लागतो. त्या पाव तासासाठी मला वरची बर्थ हवी होती.